वास: नाही

छिन्नीनं दगडावर घाव घातला आणि खोलीत लसणाचा वास आला. छिन्नी म्हणजे आमच्या संग्रहालयाचा तोडकामवाला. काचेच्या पेटीत न मावणाऱ्या दगडांचे कोपरे उडवून त्यांना मापात बसवणं हे त्याचं काम, आणि त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता या इमारतीत उरलेलं नाही. त्यानं हातोडी खाली ठेवली, इकडेतिकडे बघितलं आणि कोणी डबा उघडला का म्हणून विचारलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि वास त्या दगडातून येत होता, नुकत्याच फुटलेल्या, चांदीसारख्या पांढरट कडेतून. मी त्याच्यावर उगाचच खेकसले, की तू तुझं काम कर, सगळीकडे नाक खुपसू नकोस. त्यानं तोंड वाकडं केलं. खनिजांच्या दालनातल्या बाई फटकळ आहेत हे इथं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. मी दगड उचलून उलटा केला. खालच्या अंगाला क्रमांकाची चिठ्ठी होती आणि त्या क्रमांकाचं कार्ड माझ्या टेबलावर होतं, पिवळं पडलेलं, बाबांच्या बारीक उभट अक्षरातलं. मार्कसाइट. चौथी पातळी, पूर्वेचा फाटा. चमक: धातूसारखी. वास: नाही.

वास नाही. माझ्या हातातला दगड लसणासारखा घमघमत होता आणि कार्ड म्हणत होतं, वास नाही. मला पहिल्यांदा राग आला तो दगडाचा. मग छिन्नीचा, कारण त्यानं नेमका हाच दगड आज फोडला. मग नव्या साहेबांचा, कारण हे सगळं त्यांच्यामुळे उकरून निघालं होतं. साहेब वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बूट चकाचक, आणि बंद पडलेल्या खाणीवर एक दालन उभं करायचं हे त्यांच्या मनानं घेतलेलं. खाणीची कंपनी बुडाली तेव्हा तिच्या नमुन्यांची खोकी आमच्या तळघरात येऊन पडली होती. तीस वर्षं त्यांना कोणी हात लावला नाही, मीही नाही. साहेबांनी ती वर आणवली आणि प्रवेशद्वाराशी लावायचा मजकूर स्वतःच लिहून काढला, ज्यात भूमीच्या उदरातून समृद्धी बाहेर येते आणि घामाचे मोती होतात. मी तो वाचला आणि त्यांना विचारलं, खाणीत कधी उतरला होतात का? ते हसले आणि म्हणाले, मॅडम, म्हणून तर तुम्ही आहात.

मीही उतरलेली नाही. बायकांना खाली नेत नसत. पण त्या खाणीच्या वसाहतीत माझा जन्म झाला आणि सोळा वर्षं आमचं घर तिथं होतं, त्यामुळे तिची कुंडली मला साहेबांपेक्षा बरी ठाऊक आहे. सुरुवातीला तिथून फक्त शिसं काढत. शिशाचा दगड जड, करडा, आणि कसाही आपटला तरी त्याचे चौकोनी तुकडेच पडायचे. आमच्याकडे मुलं त्यांचे फासे करून खेळायची आणि आया त्यांच्या हातांवर फटके द्यायच्या. त्या शिशाच्या गोळ्या झाल्या, नळ झाले, छापखान्यातले खिळे झाले. पुढं कोणाच्या तरी लक्षात आलं की शिशाबरोबर निघणारा जो मधासारखा तपकिरी दगड इतकी वर्षं फेकून देतोय त्यात जस्त आहे. मग तोच फेकलेला ढीग परत उपसला. नव्वद वर्षांत पाच पातळ्या झाल्या. जितकं खोल जावं तितकं पाणी, आणि पंप चोवीस तास धडधडत असायचे. एका मंगळवारी ते बंद केले. आवाज थांबल्यामुळे वसाहतीतली कुत्री भुंकायला लागली होती, ते मला आठवतं. पाणी पातळी पातळीनं वर आलं आणि दोन महिन्यांत खाण भरली. यातलं काहीही साहेबांच्या मजकुरात नव्हतं, आणि टाकाऊ दगडाचं तर नावही नव्हतं.

बाबांचं काम टाकाऊ दगडाशी होतं. ते नमुने तपासायचे. खालून जो माल येई त्यातलं शिसं आणि जस्त प्रयोगशाळेत मोजलं जायचं. कंपनीला तेवढंच हवं होतं आणि तेवढ्यासाठीच ती आम्ल खर्च करायची. उरलेल्या दगडाचं काय करायचं ते बाबा ठरवत, आणि ते नाकानं ठरायचं. ऐकून हसू येईल, पण सगळ्या खाणवाल्यांची ती रीत होती. चौथ्या पातळीपासून खाली दोन पांढरट, चकचकीत दगड निघत. दोन्ही दिसायला सख्ख्या भावांसारखे. एक मार्कसाइट, त्यात नुसतं लोखंड आणि गंधक, म्हणजे तसा गरीब. दुसरा आर्सेनोपायराइट, त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, विषच. त्याच्यावर हातोडी मारली की ठिणगी उडते आणि लसणाचा वास येतो, बस्स, तेवढीच त्याची चुगली. वास आला तर ती सगळी खेप पलीकडच्या टेकडीआडच्या बंद खड्ड्यात जायची. वास नाही आला तर तो दगड फोडून वसाहतीला वाटायचे. आमच्या वाटा त्या खडीच्या होत्या. अंगणं त्याच खडीनं बडवलेली होती. विहिरीभोवती चिखल होतो म्हणून तिथं तर हातभर थर होता.

आईचे तळहात मी दहा वर्षांची असल्यापासून खरखरीत होत गेले. आधी बारीक दाणे, मग ते वाढून मोहरीएवढे कडक. छातीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची पाखरण. वसाहतीच्या डॉक्टरनं साबण बदला म्हणून सांगितलं, आणि पुढची सहा वर्षं आई साबण बदलत राहिली. सेहेचाळिसाव्या वर्षी ती गेली तेव्हा तिचं यकृत दगडासारखं झालं होतं, असं शहरातला डॉक्टर म्हणाला. माझ्या धाकट्या भावाचे हात तसेच आहेत. तो रांगला त्या अंगणात, विहिरीचं पाणी प्यायला सगळ्यांपेक्षा जास्त, कारण दिवसभर उन्हात उंडारायचा. चाळिशीनंतर त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना जखमा झाल्या त्या भरेनात, आणि शेवटी ती बोटं काढावी लागली. मला काही झालं नाही. मी लवकरच शाळेच्या वसतिगृहात गेले होते. हे तो बोलून दाखवत नाही, पण माझे हात बघतो.

त्याचं म्हणणं वीस वर्षं एकच आहे: बाबांना सगळं माहीत होतं. बंद खड्ड्यापर्यंत खेपा न्यायला गाड्या लागायच्या, माणसं लागायची, वरून बोलणी बसायची, म्हणून बाबांनी सरळ ‘वास नाही’ लिहून हात झटकले. तो बाबांच्या शेवटच्या आजारातही आला नाही. आणि मी वीस वर्षं त्याच्याशी भांडते आहे. फोनवर, लग्नघरात, दवाखान्याच्या बाकावर. माझा बाप असा नव्हता. ज्या माणसानं वसाहतीतल्या भाजीवाल्यानं एकदा चुकून जास्त तोललं तर त्याला परत बोलावून जास्तीची भाजी परत केली तो खोटं कार्ड लिहिणार नाही. मी हे इतक्या वेळा म्हटलंय की भाऊ माझ्याआधीच ते वाक्य म्हणून दाखवतो. आता साहेबांच्या दालनाची बातमी छापून आली आणि दोन दिवसांनी त्याचा फोन आला, की कार्डं तुझ्या ताब्यात आहेत ना, मी शुक्रवारी चार वाजता येतो, मला एक दगड आणि एक कार्ड दाखव. खाणीच्या टाकाऊ दगडाच्या जुन्या ढिगावर लोकांना फिरायला बाग करणार आहेत, हे त्यानंच मला सांगितलं. बागेआधी तो सगळं पेपरात देणार होता, बाबांच्या नावासकट. मी म्हटलं, ये, बघ, आणि तोंडावर पड. मी हे मनापासून म्हटलं होतं. आज शुक्रवार होता.

छिन्नीला मी दिवसभरासाठी दुसऱ्या दालनात पाठवलं आणि दाराला आतून कडी घातली. मग एकामागून एक दगड फोडत गेले. माझ्या वयाच्या बाईनं असं करू नये, मनगट दुसऱ्या दगडालाच भरून आलं. चौथी पातळी, पूर्वेचा फाटा: लसूण. चौथी पातळी, पूर्वेचा फाटा, दुसरी खेप: लसूण. पाचवी पातळी: लसूण, इतका की डोळ्यांत पाणी आलं. कार्डं सगळी एकच म्हणत होती. मी ती टेबलावर तारखेप्रमाणे मांडली, कारण हात काहीतरी करत राहिले तर डोकं गप्प बसतं. मांडता मांडता दिसलं की जुन्या कार्डांवर बाबा खुशाल ‘लसणाचा, तीव्र’, ‘लसणाचा, मंद’ असं लिहीत होते. मग मधे आठ महिने वासाची जागाच कोरी. त्यानंतर परत वास लिहिलेला, पण आता तपासणाऱ्याच्या सहीशेजारी पेन्सिलीनं काढलेला एक लहानसा गोल. वाटाण्याएवढा. पहिल्या काही गोलवाल्या कार्डांवर लसूण होता. एका तारखेनंतर एकदाही नाही. मी गोल मोजले नाहीत. तारीख बघितली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

आठवण नव्हती असं मी म्हणणार नाही. आठवण होती, मी तिच्यावर बसून होते, इतकी वर्षं बसून बसून ती बसण्याचीच वस्तू झाली होती. रविवारची सकाळ. नमुन्यांची शेड, पत्र्याचं छप्पर, आत कोणी नाही. बाबा मला बोटाला धरून नेत आणि आई म्हणे, पोरीला कशाला नेता त्या धुळीत, तर ते म्हणत, तिला दगडांची गोडी आहे. मला गोडी नव्हती. ते दगड ठेवत, हातोडी मारत आणि तुटलेली कड झटकन माझ्या नाकाशी धरत. काय वास येतो? मी सांगायची. आधी मला वाटे हा खेळ आहे, आपली परीक्षा आहे, बाबांना उत्तर येतं आणि ते मला विचारतायत. त्यांना उत्तर येत नव्हतं. प्रयोगशाळेतल्या आम्लाच्या वाफा पंधरा वर्षं घेऊन त्यांचं नाक कायमचं गेलं होतं, आणि नाक गेलं म्हणजे नोकरी गेली, म्हणून ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं, आईलासुद्धा नाही. आज ते लख्ख दिसतं. दूध उतू जाऊन करपायचं आणि ते शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायचे. जेवताना पहिला घास घेऊन ते आईच्या तोंडाकडे बघायचे आणि तिच्या चेहऱ्यावरून ठरवायचे की छान झालंय म्हणायचं की नाही. म्हातारपणी घरात गॅस कोंडला होता आणि ते त्यातच शांत बसले होते, तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगितलं, वय झालंय. मुलीला आपल्या बापाचं एवढंही कळू नये. की कळत होतं आणि मी तेही पाटाखाली सारलं?

लसूण म्हटलं की काम वाढायचं. बाबा त्या खेपेतला एकेक दगड पुन्हा फोडत, तीन तीनदा माझ्या नाकाशी धरत, नक्की का, नक्की का, म्हणून विचारत. दुपारचे बारा वाजून जात. तो वास माझ्या केसांत बसायचा, फ्रॉकमध्ये बसायचा, आणि सोमवारी वर्गात मुली नाक मुरडून मला लसणी म्हणत. पंपवाल्याच्या मुलीला त्या वर्षी सायकल मिळाली होती आणि रविवारी बारापर्यंत ती सगळ्यांना एकेक फेरी द्यायची. लसणीला नाही, लसणी तोवर शेडमध्येच असायची. मग एका रविवारी बाबांनी कड माझ्या नाकाशी धरली. वास आला होता. मी म्हटलं, काही नाही. नक्की? नक्की. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जेवताना आईकडे बघत तसंच, आणि मी चेहरा कसा ठेवायचा ते मला बरोबर जमलं. साडेदहाला मी सायकलवर होते. पुढचे सगळे रविवार मी सायकलवर होते, वसतिगृहात जाईपर्यंत. मला उत्तम सायकल येते.

मी खुर्चीवर बसले आणि मला बाबांचा असा संताप आला जसा भावालाही कधी आला नसेल. अख्खी वसाहत तुम्ही नऊ वर्षांच्या पोरीच्या नाकावर टाकलीत. घरी येऊन एकदा, फक्त एकदा सांगायचं होतं, की या खेळावर विहिरीचं पाणी अवलंबून आहे. नोकरी गेली असती, तर जाऊ द्यायची होती. आई दुसऱ्या गावी शिवणकाम करून जगली असती. जगली असती. आणि वर तो गोल. कार्डावर आपण न घेतलेला वास आपल्या सहीनं घालायचा त्यांना धीर झाला नाही, म्हणून तो गोल काढून त्यांनी स्वतःपुरता प्रामाणिकपणा राखला. कोणालाही न समजणारा, पेन्सिलीतला. माझा बाप खोटं लिहिणार नाही, हे मी वीस वर्षं बरोबर म्हणत होते. त्यानं खोटं लिहिलंच नव्हतं. मी जे सांगितलं ते लिहिलं, आणि कोणी सांगितलं तेही लिहिलं.

चार वाजता भाऊ आला, मी कडी काढून त्याला आत घेतलं. जिने चढून दमला होता, पण पाणी नको म्हणाला. बाहेरचं पाणी तो आताशा पीत नाही. टेबलावर फुटलेले दगड बघून त्यानं भुवया वर केल्या. मी दगड ठेवला, हातोडी मारली आणि तुकडा त्याच्या पुढं केला. त्यानं तीन बोटांनी तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मला वाटलं आता ओरडेल. मी त्याची तयारी केली होती.

“हा वास मला माहितेय,” तो म्हणाला. “अंगणात दगडावर दगड मारून ठिणग्या काढायचो ना आपण, तेव्हा यायचा. मला वाटायचं, आपल्या घराचाच वास आहे.”

मग त्यानं कार्ड घेतलं आणि वाचलं, ओठ हलवत, लहानपणी वाचायचा तसं. वास, नाही. त्याचा चेहरा जिंकल्याचा नव्हता. असता तर मी गप्प बसले असते आणि माझं सगळं सोपं झालं असतं. तो पडला होता. वीस वर्षं बापाला दोष देताना कुठंतरी त्याचीही आशा होती की ताई म्हणते तेच खरं निघेल. त्यानं मोबाइल काढून कार्डाचा फोटो घेतला, आणि फोटो मोठा करून बघताना त्याला तो गोल दिसला. हे काय, त्यानं विचारलं. काही नाही, हे शब्द माझ्या तोंडात तयारच होते. किती सवयीनं तयार होते ते.

“ती मी आहे,” मी म्हटलं. “बाबांचं नाक गेलं होतं. मी वास घेऊन सांगायचे. मी खोटं सांगितलं, सायकल खेळायला मिळावी म्हणून.”

मी सगळं सांगितलं. शेड, रविवार, लसणी, पंपवाल्याची मुलगी, नक्की का विचारणारे बाबा. तारखा बोटानं दाखवल्या. तो ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी घट्ट होत गेलं. मी थांबले तेव्हा तो हसला, आणि ते हसू मी त्या दवाखान्याच्या बाकावर अनेकदा बघितलेलं होतं.

“कमाल आहे तुझी,” तो म्हणाला. “त्या माणसाला वाचवायला तू आता स्वतःला पुढं करतेस. नऊ वर्षांच्या पोरीवर ढकलतेस. अजून त्यालाच पाठीशी घालतेस, ताई.”

मी म्हटलं, नाही रे. मी म्हटलं, गोल बघ, तारीख बघ, तेव्हा मी कुठं होते ते बघ. पेन्सिलीचा गोल कोणीही कधीही काढू शकतं, तो म्हणाला, कार्डं किती दिवस तुझ्याकडेच आहेत. मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला, रागानं नाही, दुखत होता म्हणून. तळहाताचे दाणे माझ्या बोटांना लागले, आईचेच. जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली, मधल्या वळणावर थोडी थांबली आणि परत उतरत गेली. वीस वर्षं मी खोटं खरं समजून ओरडत होते तेव्हा त्यानं मला निदान वेडी समजून सोडून दिलं होतं. आज खरं बोलले आणि खोटारडी ठरले. त्याला दोष देता येत नाही. माझ्या नक्कीवर विश्वास ठेवून एकदा किती महागात पडलंय ते त्याच्या हातांना ठाऊक आहे.

छिन्नीनं बाहेरून दार वाजवलं. साहेब पेटीची कार्डं मागतायत म्हणाला, पाचला छापखान्यात जायचीत. मी ये म्हटलं. तो आत आला, त्यानं फुटलेल्या दगडांकडे आणि माझ्याकडे बघितलं. मग फडकं घेऊन तुकडे गोळा करायला लागला. मी नवं कोरं कार्ड घेतलं. आर्सेनोपायराइट. चौथी पातळी, पूर्वेचा फाटा. या दगडात सोमल असतो. याची खडी वसाहतीच्या वाटांवर, अंगणांत आणि विहिरीभोवती घातली होती, आणि ती अजून तिथंच आहे. एवढं पेटीच्या कार्डावर बसत नाही, साहेब कापतील, तर कापू देत, मी पुन्हा लिहीन, आणि त्यांनी बुटांचा कितीही आवाज केला तरी बागेवाल्यांनाही पाठवीन. वास: लसणाचा, तीव्र. खाली तपासणाऱ्याची जागा होती. तिथं मी आधी बाबांचं नाव लिहिलं, पूर्ण, त्यांच्यासारख्याच उभट अक्षरात. मग शेजारी शाईनं गोल काढला. तो नीट आला नाही, एका बाजूला उघडाच राहिला. छिन्नीनं मान वळवून विचारलं, हे कशाचं चिन्ह, मॅडम? मी त्याला खुर्ची ओढून बसायला सांगितलं.